प्रज्ञानचं रेंडर आणि दीपनगरची राख

मी जळगावात घरून थ्रीडीची कामं करते. बिल्डर लोकांना एलिव्हेशन काढून देणं, फ्लॅटच्या आतली सजावट दाखवणं, एखाद्या कारखान्यासाठी मशीनचं चित्र, असं. २०२४ च्या उन्हाळ्यात धुळ्याहून धाकट्या दिरांचा फोन आला. ते तिथल्या एका शाळेत विज्ञान शिकवतात. २३ ऑगस्टला पहिला राष्ट्रीय अंतराळ दिन होता. चांद्रयान-३ चं विक्रम लँडर २०२३ मध्ये त्याच तारखेला चंद्रावर उतरलं, म्हणून हा दिवस. शाळेला प्रदर्शन करायचं होतं आणि मध्यभागी प्रज्ञान रोव्हरचं भिंतभर चित्र हवं होतं.

भाऊजी म्हणाले, “वहिनी, नेटवरचं चित्र नको. ते मुलांनी शंभरदा पाहिलंय. आणि खरा फोटो मोठा केला की फुटतो. तुम्ही नवं करा, पण अगदी तिथे उभं राहून काढल्यासारखं दिसलं पाहिजे.”

मी हो म्हटलं. सहा चाकं, एक पेटी, वर एक सोलर पॅनल. दोन बेडरूमच्या फ्लॅटपेक्षा हे सोपं असेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. कुणाला असं काम करायचं असेल, तर माझ्या गेलेल्या वेळातला थोडा तरी त्यांचा वाचावा म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात मापांपासून केली. इस्रोने रोव्हरची मापं दिलेली आहेत: ९१७ × ७५० × ३९७ मिलिमीटर, वजन २६ किलो. म्हणजे आपल्या घरातल्या टीपॉयएवढी वस्तू. हे आधी डोक्यात बसवावं लागतं, कारण बातम्यांतल्या चित्रांत तो जीपएवढा वाटतो. चाकांचा व्यास, पॅनलची जाडी अशी बारीक मापं त्या तक्त्यात नव्हती. ती मी फोटोंवरून काढली. रोव्हर रॅम्पवरून खाली उतरतानाचा व्हिडिओ इस्रोने दिला होता. त्यातली एकेक चौकट थांबवून पेटीच्या रुंदीशी चाकाचं प्रमाण मोजलं. सोलर पॅनल आडवं नसून उभं आहे, हेही तिथेच नीट दिसलं. ध्रुवाजवळ सूर्य खालीच असतो, तेव्हा पॅनल उभंच हवं. ज्या मापांचा अंदाज केला ती सगळी एका वहीत वेगळी लिहून ठेवली. पुढे भाऊजींनी चौकशी केली तेव्हा ती वही कामी आली.

मॉडेल ब्लेंडरमध्ये केलं. हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि माझं रोजचं आहे. चाकांची जोडणी मात्र समजून घ्यावी लागली. दोन्ही बाजूंना एकेक मोठा दांडा, त्याला जोडलेला एक लहान दांडा, आणि कुठेही स्प्रिंग नाही. एक चाक दगडावर चढलं तरी बाकीची जमीन सोडत नाहीत. याला रॉकर-बोगी म्हणतात. नासाच्या मंगळावरच्या रोव्हरनाही हीच पद्धत आहे. हे दांडे सांध्यांवर खरोखर फिरतील असे बांधले, म्हणून पुढे उंचसखल जमिनीवर सहाही चाकं टेकवता आली. एक चाक जरी तरंगताना दिसलं तरी बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, काय ते सांगता आलं नाही तरी.

आणखी एक गोष्ट सांगते. कुठलीही कड धारदार ठेवू नका. खऱ्या पत्र्याची कड कणभर गोल असते आणि तिथे उजेडाची बारीक रेघ चमकते. प्रत्येक कडेला अर्धा-एक मिलिमीटरचा बेव्हल द्या. एवढ्यानेच निम्मा फरक पडतो.

पहिलं रेंडर, म्हणजे मॉडेलवरून संगणकाने काढलेलं चित्र, निघालं. सासूबाई मागून बघत होत्या. त्या पारोळ्याच्या, बोलणं अहिराणीच. म्हणाल्या, “हाई खरं नही वाटस.” मलाही ते जाणवत होतं, पण मॉडेलमध्ये काही कमी दिसत नव्हतं.

अडचण उजेडात होती. एलिव्हेशनच्या कामात आम्ही एचडीआरआय, म्हणजे दृश्याला उजेड देणारा आकाशाचा फोटो, लावतो. म्हणजे चारी बाजूंनी मऊ उजेड येतो आणि सावल्या निळसर, उजळ होतात. चंद्रावर हवा नाही. आकाश भरदिवसाही काळं. उजेड येतो तो एका सूर्याकडून, आणि थोडा जमिनीवरून परतून. म्हणून एचडीआरआय काढून टाकला, वर्ल्डचा रंग पूर्ण काळा केला आणि एकच सन लॅम्प ठेवला. त्या लॅम्पचा कोन अर्ध्या अंशाच्या जरा वर ठेवायचा, कारण पृथ्वीवरून काय नि चंद्रावरून काय, सूर्य तेवढाच दिसतो. लोक सावली अगदी सुरीने कापल्यासारखी करायला तो शून्य करतात. ते करू नका. चाकाजवळची सावली धारदार आणि पॅनलच्या टोकाची सावली किंचित विरलेली, असंच खरं असतं.

सूर्याची उंची हा मोठा मुद्दा. विक्रम उतरलं ती जागा सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर आहे. तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून २० अंशांच्या आसपासच चढतो. या उंचीला सावली वस्तूच्या पावणेतीनपट लांब पडते. मी आधी ४५ अंश ठेवला होता, कारण घरांच्या चित्रांना तो छान दिसतो. २० अंशांवर आणला आणि जमीन एकदम जिवंत झाली. प्रत्येक खडा, प्रत्येक खळगा सावलीमुळे दिसायला लागला.

मग जमिनीचं बघू लागले. यात सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि मला सगळ्यात जास्त आवडलेलं कामही हेच.

आपला खानदेश काळ्या बेसॉल्टवर वसलेला. चंद्रावरचे काळे डागही बेसॉल्टचेच, हे शाळेत वाचलं होतं. म्हणून मी गिरणेच्या पात्रातून आणि धुळ्याला गेले तेव्हा लळिंगच्या पायथ्याजवळून दगडांचे फोटो काढून आणले. ते वापरता आले नाहीत. नदीतले दगड पाण्याने गोल झालेले, डोंगराकडच्या दगडांवर शेवाळाचे सुकलेले डाग, भेगांत माती. आणि मुळात प्रज्ञान जिथे चालला तो भाग काळ्या डागांचा नाहीच. तो उंचवट्याचा, फिकट भाग. प्रज्ञानवरच्या एपीएक्सएस उपकरणाने तिथल्या मातीची तपासणी केली. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांचा त्यावरचा लेख पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. तिथली माती अनॉर्थोसाइट जातीच्या खडकाशी जुळते. इस्रोने जमिनीवरच्या चाचण्यांसाठी चंद्राची नकली माती केली, तीही तमिळनाडूत नामक्कल जिल्ह्यातल्या याच जातीच्या खडकापासून. आपल्या बेसॉल्टपासून नाही.

मग तशी बारीक पूड इथे कुठे मिळेल? भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र आहे. तिथल्या कोळशाच्या राखेपासून या भागात विटा करतात. ओळखीच्या एका वीटवाल्या दादांकडे एक गोणी मागितली. ते म्हणाले, “ताई, हाई राख कसाले?” चंद्रासाठी म्हटल्यावर त्यांनी पैसे घेतले नाहीत.

रात्री गच्चीवर ताडपत्री टाकून राख पसरली. तोंडाला मास्क हवाच, ती फार बारीक असते. भिंतीवरून उजेड परतू नये म्हणून काळी चादर टांगली. मुलाच्या खेळण्यातल्या ट्रकचं चाक फिरवलं, चाळलेले खडे वरून टाकले, आणि एकच हॅलोजन बाजूने खाली ठेवून फोटो काढले. कोरड्या राखेत चाकाच्या ठशाची कड ढासळते. चंद्रावर ती टिकते, कारण तिथले कण टोकदार आणि एकमेकांत अडकणारे असतात. राखेचे कण गोल असतात. थोडं पाणी शिंपडून दाबल्यावर कड टिकली. या फोटोंवरून मी चाकोरीचा आकार, तिच्या बाजूला उठलेली वळी, आणि खडा पडल्यावर भोवती होणारा लहान खळगा, हे सगळं ब्लेंडरमध्ये उतरवलं. गोणीभर राखेने मला कुठल्याही विकतच्या टेक्स्चरपेक्षा जास्त शिकवलं.

त्यातून कळलेलं थोडं सांगते. दगड नुसते जमिनीवर ठेवू नका, तिसरा हिस्सा तरी आत पुरा. लहान खडे भरपूर, मोठे दगड अगदी थोडे. जमिनीचा मूळ रंग आपल्याला वाटतो त्यापेक्षा खूप गडद ठेवावा लागतो. चंद्र सरासरीने त्याच्यावर पडलेल्या उजेडाचा जेमतेम १२ टक्के भाग परत पाठवतो, जुन्या डांबरी रस्त्याएवढा. फोटोत तो उजळ दिसतो तो एक्स्पोजरमुळे. म्हणून रंग गडद ठेवा आणि एक्स्पोजर वाढवा. उलटं केलं की जमीन चुन्यासारखी दिसते आणि सावल्यांत नको तितका उजेड भरतो. डिफ्यूज शेडरचा रफनेसही वाढवा. गुळगुळीत गोळ्यासारखी कडेला काळवंडणारी जमीन चंद्राची वाटत नाही.

लांबचं दृश्य हा वेगळाच त्रास. आपल्याकडे सातपुडा निळसर, धूसर दिसतो आणि त्यावरून तो लांब आहे हे कळतं. चंद्रावर हवाच नाही, त्यामुळे लांबची टेकडीही जवळच्या दगडाइतकीच स्पष्ट. चित्रात खोली येईना. मागचं धूसर करून पाहिलं, तर रोव्हर खेळण्याएवढा दिसायला लागला. शेवटी खोली आणली ती रोव्हरच्या स्वतःच्या चाकोरीने. लँडरपासून वळत आलेल्या दोन ओळी, लांब जाताना अरुंद होणाऱ्या. त्याशिवाय एक चार मीटरचा खळगा टाकला. २७ ऑगस्ट २०२३ ला प्रज्ञानच्या वाटेत असाच चार मीटरचा खळगा आला होता. तो तीन मीटर आधीच दिसला आणि रोव्हरला दुसरीकडे वळवलं गेलं. म्हणून चित्रातल्या चाकोरीलाही तसं वळण दिलं.

हे सगळं मे महिन्यात चाललं होतं. जळगावचा मे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. पारा ४४-४५ वर. लॅपटॉप दुपारी इतका तापायचा की ग्राफिक्स कार्ड आपोआप हळू व्हायचं आणि रात्री तासाभरात होणाऱ्या रेंडरला दुपारी दुप्पट वेळ लागायचा. कूलरजवळ ठेवू नका, कूलरच्या हवेत ओल असते. मी दिवसा मॉडेलचं काम आणि रेंडर रात्री अकरानंतर, असं ठरवलं. खाली दोन लाकडी पट्ट्या ठेवून लॅपटॉप उचलला, आतली धूळ साफ करून घेतली, थर्मल पेस्ट बदलली. बराच फरक पडला.

मेमरीही पुरेना. जमिनीला सगळीकडे सारखी बारीक जाळी दिली की सहा जीबीचं कार्ड भरायचं आणि रेंडर बंद पडायचं. मग रोव्हरच्या भोवतीची जमीन वेगळी, बारीक जाळीची केली. लांबची ढोबळ. दगडांच्या प्रती न काढता इन्स्टन्स, म्हणजे एकाच दगडाचे पुन्हा पुन्हा दिलेले संदर्भ, वापरले. मग बसलं.

वीज जायची ती वेगळीच. मोठं चित्र एका दमात काढायला गेलात आणि मध्ये वीज गेली, बॅटरीही संपली, की रात्र वाया. म्हणून चित्राचे पट्टे पाडून एकेक पट्टा रेंडर केला आणि नंतर जोडले. शाळेसाठी एक लहान चलचित्रही केलं होतं. ते थेट व्हिडिओ म्हणून काढलं नाही, एकेक चौकट वेगळ्या पीएनजीमध्ये साठवली. मध्येच बंद पडलं तरी झालेलं काम शिल्लक राहतं. रेंडरमधले दाणे पुसणारा डिनॉइजर वापरला, पण बेताने. जास्त केलं की राखेचा खरखरीतपणाच पुसला जातो आणि जमीन मेणाची दिसते.

जूनमध्ये भाऊजींना चित्र पाठवलं. त्यांना आवडलं, पण मुख्याध्यापकांच्या दोन सूचना आल्या. मागे पूर्ण गोल निळी पृथ्वी हवी आणि चाकांमागे धूळ उडताना हवी. आकाशात तारेही असतील तर बरं.

तारे आणि धूळ यांचं उत्तर सोपं होतं. उन्हातल्या जमिनीसाठी एक्स्पोजर ठेवलं की तारे कॅमेऱ्यात येतच नाहीत. प्रज्ञानचा वेग सेकंदाला एक सेंटिमीटर. त्याने कसली धूळ उडणार? आणि उडाली तरी हवा नसल्यामुळे ती तरंगत नाही, लगेच खाली पडते.

पृथ्वीसाठी मात्र मला पंचांग काढावं लागलं. विक्रम उतरलं तो दिवस श्रावण शुद्ध सप्तमीचा. ३० ऑगस्टला प्रज्ञानने विक्रमचा तो प्रसिद्ध फोटो काढला, त्या दिवशी आपल्याकडे राखीपौर्णिमा. आपल्याकडे चंद्र भरत जातो तेव्हा चंद्रावरून पृथ्वी कमी कमी होत जाते. आपली पौर्णिमा ती तिथली पृथ्वीची अमावास्या. म्हणजे २३ ऑगस्टला तिथून पृथ्वी अर्ध्याहून थोडी जास्त दिसत असणार आणि ३० ला जवळजवळ नाहीच. २ सप्टेंबरला रोव्हरला झोपवलं, तोवर पूर्ण पृथ्वी दिसणं शक्यच नव्हतं. शिवाय तिथे पृथ्वी उत्तरेकडून जरा वायव्येला, क्षितिजापासून फार वर नाही अशी, जवळपास एकाच जागी असते. माझा कॅमेरा दक्षिणेकडे बघत होता. पृथ्वी चौकटीत येणारच नव्हती.

हे सगळं मी भाऊजींना कागदावर आकृती काढून पाठवलं. त्यांनी मुख्याध्यापकांना समजावलं. सरांनी मोकळेपणाने मान्य केलं, आणि ती आकृतीच प्रदर्शनात चित्राशेजारी लावायला सांगितली. मला त्याचं फार बरं वाटलं.

छपाई धुळ्यात करायची होती. पहिला नमुना साध्या चकचकीत फ्लेक्सवर काढला. काळं आकाश तपकिरी आलं आणि वर ट्यूबलाइटच्या रेघा दिसायला लागल्या. सावल्यांमधला सगळा तपशील गेला. मग मॅट लॅमिनेशन केलेलं विनाइल सनबोर्डवर चिकटवून घेतलं. खर्च वाढला, पण चित्र वाचलं. छपाईआधी एक फुटाचा तुकडा काढून बघा आणि तो दुकानात न बघता जिथे लागणार आहे तिथल्या उजेडात बघा. रिझोल्यूशनच्या मागे फार लागू नका. सहा फुटी चित्र लोक चार-पाच फुटांवरून बघतात, त्याला इंचाला शंभर ठिपके पुरतात.

२३ ऑगस्टला मी सासूबाईंना घेऊन धुळ्याला गेले. मुलं चित्रासमोर उभी राहून स्वतःची सावली त्यात कशी पडली असती ते हाताने दाखवत होती. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, हा फोटो कोणी काढला? रोव्हर तर एकटाच होता ना?” इतका नेमका प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. विक्रमच्या कॅमेऱ्यांनी रोव्हरला पाहिलं, रोव्हरच्या कॅमेऱ्याने विक्रमला पाहिलं. माझ्या चित्रातल्या जागी कुणीच उभं नव्हतं. मी तिला तसंच सांगितलं.

चित्राखाली पट्टी होती: ‘संगणकावर तयार केलेलं चित्र. काही मापं अंदाजे.’ पण दोन-तीन दिवसांत ते चित्र आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आलं. कुणीतरी सनबोर्डचा फोटो काढताना खालची पट्टी बाहेर ठेवली होती. वर मजकूर होता, ‘इस्रोने पाठवलेला रंगीत फोटो’. क्षणभर मला आनंदच झाला, इतकं खरं वाटलं म्हणून. मग पोटात गोळा आला. चांद्रयान उतरलं तेव्हाही असंच झालं होतं. चंद्राच्या मातीत उमटलेल्या राजमुद्रेचं एक चित्र देशभर खरा फोटो म्हणून फिरलं, आणि ते संगणकावर केलेलं होतं. त्या चित्रकाराचा हेतू वाईट नव्हता, माझाही नव्हता. मी ग्रुपवर खरं काय ते लिहिलं. ज्यांनी पुढे पाठवलं होतं त्यांना एकेकाला कळवलं. किती लोकांपर्यंत ते गेलं असेल, देव जाणे.

आता मी ‘संगणकावर तयार केलेलं चित्र’ ही ओळ चित्राच्या आतच घालते, रोव्हरच्या चाकाजवळ जमिनीवर, कापली तर चाकही कापलं जाईल अशी. नासाच्या लोकांनी २००५ मध्ये मंगळावरच्या खऱ्या फोटोत स्पिरिट रोव्हरचं संगणकी मॉडेल बसवून चित्रं दिली होती. त्यांनीही ती तशी असल्याचं सोबत स्पष्ट लिहिलं होतं.

तुम्ही असं काही करणार असाल तर ही ओळ पहिल्या दिवशीच चित्रात घाला, शेवटी घालू म्हणू नका. आणि ग्रुपवर चंद्राचा एखादा फार सुंदर, रंगीत फोटो आला, तर पुढे पाठवण्याआधी इस्रोच्या संकेतस्थळावर तो आहे का ते बघा. प्रज्ञानने ३० ऑगस्टला काढलेला विक्रमचा फोटो तिथे आहे. तो काळा-पांढरा आहे.